नऊ जानेवारीची लंगोटं

आठ जानेवारीच्या दुपारी जमुनाच्या दोरीवर सहा लंगोटं होती आणि सहाच्या सहा ओली होती. सातवं लेकराच्या अंगावर होतं, आणि ते कोरडं आहे असं कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. सकाळपासून आभाळ होतं. ऊन नव्हतं, वारा नव्हता. तीन महिन्यांचं लेकरू मात्र आभाळाकडे न बघता आपलं काम नेटानं करत होतं.

"दिवस मावळाच्या आत उचल बरं थे," पार्बताबाई खाटेवरून म्हणाल्या. "लेकराचं फडकं तिन्हीसांजेनंतर उघड्यावर राहू नाई. नजर लागते. मंग रातभर किरकिरते थे."

"ओले हायेत, आत्याबाई."

"मंग घरात वाळव."

"घरात शेगडीचा धूर हाये. धुरावर वाळलेलं घातलं का लेकरू खोकते, असं तुमीच म्हणलं."

"म्हणलं ना मी. धुरावर वाळवाचं नाई अन् उघड्यावर ठेवाचं नाई."

"मंग ठेवू कुठं?"

"थे तू पाय," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळून निजल्या. नियम सांगणं हे त्यांचं काम होतं; तो पाळायला जागा शोधणं सुनेचं.

जमुना दारात उभी राहून जागा शोधू लागली. त्यांचं घर म्हणजे अमरावतीच्या सरकारी दवाखान्याच्या आवारातली एक खोली. तिचा नवरा जानराव दवाखान्यात बाटल्या पुसायचा, पट्ट्या धुवायचा, आणि रोज पहाटे आंघोळ करून आवाराच्या मधोमध उभ्या असलेल्या पेटीचं कुलूप उघडायचा. चार पायांवर उभी, चुन्यानं पांढरी केलेली, वर गवती छप्पर आणि चारही बाजूंनी खिडकीच्या झिलमिलीसारख्या फटी, अशी ती पेटी. नवीन माणूस आधी तिला हात जोडायचा आणि मग देव कोणता म्हणून विचारायचा. आत देव नव्हता. आत पितळी खुंट्यांवर आडवी ठेवलेली, आकडे कोरलेली एक काचेची नळी होती. नळीत रंगीत पाणी आणि त्यात एक बारीक काळी काडी. रात्री थंडी वाढली की पाणी मागे सरायचं आणि काडीला ओढत न्यायचं. उन्हं चढली की पाणी पुढे यायचं, काडी मात्र जिथवर गेली तिथंच थांबायची. सकाळी जानराव काडीचा आकडा वहीत लिहायचा आणि मग नळी वाकडी करून काडी पुन्हा पाण्याच्या टोकाला आणून ठेवायचा.

जमुनानं पेटीकडे पाहिलं आणि तिला सासूबाईंच्या दोन्ही नियमांतून वाट सापडली. पेटीला छप्पर होतं, म्हणजे ती उघडी नव्हती. पेटीत शेगडी नव्हती, म्हणजे धूर नव्हता. फटींतून वारा आरपार जात होता. आणि दाराला कुलूप होतं, तेव्हा नजर लागायची तर तिला आधी किल्ली शोधावी लागली असती. किल्ली घरातल्या खुंटीवर होती, लेकराच्या टोपऱ्याखाली.

जानराव दवाखान्यात होता. दिवस मावळायच्या आत तिनं सहाही लंगोटं आत वाळत घातली. पाच कडेनं, आणि सहावं, जागा उरली नाही म्हणून, आडव्या नळीवरच.

तिन्हीसांजेला आभाळ निवळलं, उत्तरेकडून कोरडा वारा सुटला आणि थंडी आली. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी लेकरानं सातवं लंगोट निकामी केलं, तेव्हा जमुना पेटीपाशी गेली. लंगोटं वाळली नव्हतीच, उलट पापडासारखी ताठ झाली होती. तिनं ती हलक्या हातानं काढली, कुलूप लावलं, किल्ली खुंटीवर ठेवली, आणि आज धुरावर वाळवल्याशिवाय गत्यंतर नाही हे सासूबाईंना न सांगता मान्य केलं.

जानराव उठला, कुडकुडत आंघोळ केली, पेटी उघडली. मग त्यानं डोळे चोळले. धोतराच्या सोग्यानं नळी पुसली. मागे जाऊन पुन्हा पुढे आला. काडी एकतीसवर होती.

वहीत लिहायचे नियम डॉक्टरसाहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते: काडी जिथे असेल तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. वही साहेबांनी स्वतः आखली होती. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान, आणि त्या पानावर दर वर्षाची एक ओळ. म्हणजे एकाच दिवसाची थंडी वर्षावर्षानं एकाखाली एक दिसावी. नऊ जानेवारीच्या पानावर बासष्ट साली एकोणपन्नास होते, त्रेसष्ट साली सत्तेचाळीस, चौसष्ट साली पन्नास. जानरावनं डोकं न चालवता त्याखाली लिहिलं: सन अठराशे पासष्ट, एकतीस.

साहेब आठ वाजता आले आणि पानापाशी थांबले. साहेब इंग्रज; पुण्याच्या कोणा शास्त्रीबुवांकडून ते मराठी शिकले होते आणि रुग्णाशीही पोथीतल्यासारखे बोलत.

"जानराव, हे तू स्वनेत्रांनी पाहिलेस?"

"हो, सायेब. तीन खेपा."

"बत्तीस अंशांवर पाणी गोठते. तू एकतीस लिहिले आहेस. याचा अर्थ तुजला समजतो काय?"

"समजते, सायेब. पान्याहूनबी थंड."

साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. बाटल्या पुसणाऱ्या हाताला हे नवीन होतं. त्याच दुपारी नागपूरला पत्र गेलं आणि त्यात जानरावचं नाव घातलं आहे असं साहेबांनी त्याला दोनदा सांगितलं. जानरावनं घरी येऊन ते सात वेळा सांगितलं.

कापसाच्या त्या दिवसांत अमरावतीत कोणतीही बातमी कापसाकडेच वळायची. तिकडे सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई चालू होती, त्यामुळे वऱ्हाडातल्या बोंडाबोंडाला भाव होता. दुपारी बाजारात बातमी झाली की रात्री पाणी गोठलं. दिवस कलेपर्यंत झाली की कापूस गोठला. दिवेलागणीला तर बोंडं काळी पडली होती. दलाल घोड्यांवरून शिवारात धावले आणि कापूस जिथल्या तिथं पांढरा पाहून जास्तच घाबरले, कारण आता पुढे काय होणार हे कोणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेला पंजाबराव लोटा खाली न ठेवता विचारू लागला. त्याची वाडी गावाबाहेर कोसावर होती.

"कावो जानराव, बरफ कोनाच्या वावरात पडलं?"

"पडलं नाई. काडी एकतीसवर गेली."

"माह्या म्हशीच्या हौदातलं पानी तं म्हशीनं पेलं. तूरबी हासून राहिली. मंग तुही काडी कोनाच्या वावरातली सांगून राहिली?"

"काडीले वावर नसते, पंजाबराव. थे शास्त्र हाये."

"असन बाप्पा," पंजाबराव म्हणाला आणि दूध मापू लागला. "शास्त्राले थंडी वाजली असन."

जमुना आत लेकराला पाजत होती. तिला हसू आलं. हसू आलं ते शेवटचं.

कारण सहाव्या दिवशी अकोल्याहून टपाल आलं. अकोल्यालाही अशीच पेटी होती, अशीच नळी, अशीच वही. साहेबांनी तिथला नऊ जानेवारीचा आकडा मोठ्या आशेनं मागवला होता. तो आला त्रेचाळीस. साहेबांनी कागद टेबलावर आपटला. एका मैदानावरची दोन गावं, एकच रात्र, आणि बारा अंशांचा फरक? अमरावतीचा आकडा तर जानरावनं तीन वेळा पाहिलेला. तेव्हा अकोल्याचा माणूस अंथरुणात पडून वही भरतो, हे उघड होतं. त्यानं वही घेऊन अमरावतीला हजर व्हावं, आणि समाधान झालं नाही तर त्याला काढून टाकावं, असं पत्र त्याच संध्याकाळी गेलं.

जानराव घरी आला तो जेवायला बसेना.

"काय झालं?" पार्बताबाईंनी विचारलं.

"सूर्यभानरावले बोलावलं. नोकरी जाईन म्हणते सायेब."

अकोल्याचा तो माणूस सूर्यभान होता. जमुनाचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर त्यानंच तिचं लग्न लावून दिलं होतं, आणि स्वतःच्या तीन पोरींची लग्नं त्याला अजून या नोकरीवर करायची होती. संक्रांतीचे दिवस होते. भाच्याच्या बोरन्हाणासाठी तो तसाही येणारच होता, चांदीचे वाळे घेऊन.

"दादा असं नाई करनार," जमुना म्हणाली. "खोटं नाई लिहिनार थो."

"मंग माही काडी खोटी का? कुलूप होतं. किल्ली तं खुंटीवर होती. रातच्याले तिथं गेलं कोन?"

जमुनानं ताटात भाकरी वाढली. मग तिची नजर कोपऱ्यात पालथ्या ठेवलेल्या माठाकडे गेली. उन्हाळ्यात त्या माठाला ती स्वतः ओलं फडकं गुंडाळायची. वारा लागला की फडकं थंड व्हायचं आणि फडक्याखालचं पाणी त्याहून थंड. तिच्या डोळ्यांपुढे आडवी नळी आली, आणि नळीवरचं सहावं लंगोट.

जानराव जेवून बाहेर गेल्यावर तिनं सासूबाईंना सांगितलं.

"उघड्यावर ठेवू नको म्हणलं होतं मी," पार्बताबाई म्हणाल्या. "सरकारात ठेव म्हणलं होतं का?"

"आता काय करू, आत्याबाई?"

"तोंड बंद ठेव. नवऱ्याचं नाव नागपूरले गेलं."

"अन् दादाचं?"

यावर सासूबाईंकडे नियम नव्हता. त्यांनी लेकराला मांडीवर घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "पाय रे बाप्पा. तू मुतला थे नागपूरपर्यंत गेलं."

रात्री जमुनानं जानराव परत आला तसा दारातच त्याला सगळं सांगून टाकलं. तो उंबऱ्यावर बसला. रागावेल असं तिला वाटलं होतं, पण त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कोनतं होतं? माह्या जुन्या धोतराचं का?"

"हो. मऊ झालं म्हणून त्याचंच शिवलं."

"म्हणजे माह्याच धोतरानं माही काडी वढली," जानराव म्हणाला. मग म्हणाला, "सायेबाले सांगतलं तं किल्ली सांभाळली नाई म्हणून मले काढीन. नाई सांगतलं तं तुह्या भावाले काढीन."

"मी सांगते. माहं लंगोट हाये."

"तू सायेबापुढं जाशीन?"

"लेकरू घेऊन जाईन. लेकरावर कोनी वरडत नाई."

चार दिवसांनी सूर्यभान आला, कापसाच्या परत निघालेल्या एका रिकाम्या गाडीतून. बगलेत फडक्यात बांधलेली वही, हातात तिळाच्या लाडवांचं गाठोडं, आणि मिशीत कापूस. त्यानं आधी भाच्याला घेतलं, वाळे घातले, आणि भाच्यानं लगेच मामाला भिजवलं.

"दादा," जमुना म्हणाली, "तू भिऊ नको. तुहं त्रेचाळीस खरं हाये. आमचंच एकतीस खोटं हाये." आणि तिनं लंगोटापासून माठापर्यंत सगळी हकीकत सांगितली. सांगून झाल्यावर भावाचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

सूर्यभाननं भाचा बहिणीकडे दिला. दार लोटून घेतलं.

"जमुने, त्रेचाळीसबी खरं नाई."

"म्हणजे?"

"त्या दिवशी थंडी अशी होती का मी गोधडी पांघरूनच पेटीपाशी गेलो. दार उघडलं, वाकलो, अन् गोधडीचं टोक नळीले लागलं. नळी झाली वाकडी. काडी घसरत गेली थेट टोकाले. किती होतं थे कोनाले ठाऊक."

"मंग त्रेचाळीस आलं कुठून?" जानरावनं विचारलं.

"हात बाहेर काढला गोधडीतून," सूर्यभान म्हणाला. "हाताले इचारलं. हात म्हणे त्रेचाळीस."

खाटेवर पार्बताबाई लाडू खात होत्या. "माह्या हातानं तं चाळीस सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी तीन वाजता पेटीपुढे सगळे उभे राहिले. साहेब, त्यांच्या हातात दोन्ही वह्या, समोर सूर्यभान, बाजूला जानराव, आणि चार पावलं मागे डोक्यावर पदर, कडेवर लेकरू घेतलेली जमुना. मुठीत तिनं ओलं लंगोट पिळून धरलं होतं.

"सूर्यभान," साहेब म्हणाले, "तुजला काय निवेदन करावयाचे आहे?"

"सायेब, मी खरं सांगतो. त्या दिवशी..."

"आधी माहं," जमुना म्हणाली आणि पुढे झाली. पेटी उघडीच होती. नळीतलं पाणी एकोणऐंशीवर होतं. तिनं आकडे उघडे ठेवून लंगोट नळीच्या बुडावर घातलं आणि बाजूला उभी राहिली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"लेकराचं लंगोट, सायेब. आठ तारखेले रातभर इथंच होतं. माह्या हातानं ठेवलं. माह्या मालकाचा काही दोष नाई, त्याईले ठाऊकबी नव्हतं. आता तुमी पाहा."

वारा वाहत होता. साहेब वाकून पाहू लागले. पाणी मागे सरकलं. पंचाहत्तर झालं, सत्तर झालं. लेकरानं जांभई दिली. त्रेसष्टवर पाणी थांबलं आणि साहेब ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल होता. जानरावनं मनातल्या मनात खोली रिकामी करायला सुरुवात केली. खाट, शेगडी, माठ.

"सोळा अंश," साहेब हळूच म्हणाले. मग त्यांनी लंगोटाचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. "हे वस्त्र इतके मृदू कसे?"

"जुनं धोतर हाये, सायेब. अन् रोज दहा खेपा धुवावं लागते."

साहेबांच्या टेबलाच्या खणात दुसरी एक नळी वर्षभर पडून होती. तिच्यावर ओलं कापड गुंडाळायचं असतं. कोरड्या नळीशी तिची तुलना केली की हवेतला ओलावा कळतो. पण कापड अगदी मऊ, पुष्कळ धुतलेलं लागतं, आणि ते मुंबईहून मागवलेलं अजून येत होतं. हे सगळं साहेबांनी पोथीच्या मराठीत समजावून सांगितलं. जमुनाला त्यातलं इतकंच कळलं की साहेब ओरडत नाहीत.

"तुम्हां तिघांत," साहेब म्हणाले, "ओल्या वस्त्राचा गुण हिलाच ठाऊक होता. जानराव, किल्ली उद्यापासून हिच्यापाशी राहील."

"ती तिच्यापाशीच होती, सायेब," जानराव म्हणाला, आणि जीभ चावली.

पण साहेब आता वह्यांकडे वळले होते. त्यांनी अमरावतीच्या नऊ जानेवारीच्या पानावरचं एकतीस आडव्या रेघेनं खोडलं. मग ते सूर्यभानकडे गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सूर्यभान, मी तुजवर अन्याय केला. अशा थंडीत तू उठलास, पेटीपाशी गेलास, आणि सत्य लिहिलेस."

"सायेब, उठलो थे खरं हाये," सूर्यभान म्हणाला. "गेलो थेबी खरं हाये. पन पुढचं..."

"विनय पुरे."

"नाई सायेब, माही गोधडी..."

"गोधडी पांघरून गेलास? अवश्य पांघरावी. आरोग्याची काळजी घेतलीच पाहिजे." साहेबांनी टाक शाईत बुडवला. "अमरावतीचा आकडा आता अज्ञात आहे. परंतु दोन्ही गावे एकाच मैदानावर आहेत. तेव्हा अकोल्याचा विश्वसनीय आकडा आपण येथे धरू." आणि खोडलेल्या एकतीसच्या बाजूला त्यांनी सुंदर अक्षरात त्रेचाळीस लिहिलं. नागपूरला दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी गेलं. त्यात सूर्यभानचं नाव होतं.

अशा रीतीनं सन अठराशे पासष्टच्या नऊ जानेवारीला अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत किती थंडी होती, ते सूर्यभानच्या उजव्या हातानं ठरवलं.

सूर्यभान बोरन्हाणापर्यंत राहिला. निघताना तो बहिणीला म्हणाला, "आता रोज पहाटे उठावं लागन. बिनागोधडीचं." आणि पुढे तो खरंच तसा उठू लागला, असं त्याच्या बायकोनं सांगून पाठवलं, तिला वाटलं, माणूस माळकरी झाला.

सातपैकी तीन लंगोटं सरकारजमा झाली. दुसरी नळी पेटीत बसली, तिच्या टोकाला जानरावच्या धोतराची पट्टी गुंडाळली गेली, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ भिजवायचं काम जमुनाकडे आलं. लेकराकडे चार लंगोटं उरली आणि जमुनाची धावपळ दुप्पट झाली.

अडचण एकच राहिली, ती पार्बताबाईंची. छप्पर असो की कुलूप, लेकराचं फडकं तिन्हीसांजेनंतर रात्रभर घराबाहेर राहतं, तेही सरकारी हुकमानं, हे त्यांना पटेना. आठ दिवस त्यांनी कसंबसं सोसलं. नवव्या दिवशी सकाळी साहेब पेटीपाशी थांबले आणि त्यांनी जानरावला हाक मारली. पांढऱ्याशुभ्र दाराच्या उजव्या कोपऱ्यात बोटानं ओढलेला काजळाचा ठसठशीत काळा ठिपका होता.

"हे काय आहे?"

जानरावनं खोलीकडे पाहिलं. दारात त्याची आई उभी होती, लेकरू खांद्यावर, आणि लेकराच्या गालावर तसाच ठिपका.

"काही नाई, सायेब," तो म्हणाला. "पुन्हा एकतीस होऊ नाई म्हणून."

साहेबांनी विचार केला आणि ठिपका राहू दिला.